बडोद्याहून जोडीनं परदेशी: लग्नाच्या दाखल्यापासून गोड्या मसाल्यापर्यंत

पदवी हातात आली, साखरपुडा झाला, एकाला परदेशात प्रवेश किंवा नोकरी मिळाली आणि आता दोघांनी मिळून जायचं आहे. एकट्याच्या अर्जापेक्षा इथे फक्त एक कागद वाढतो, लग्नाचा दाखला. अडकणारे बहुतेक जण मात्र त्याच कागदापाशी अडकतात, आणि तेही त्यावरच्या नावापाशी. म्हणून खालची क्रमवारी एजंट सांगतात तशी व्हिसाच्या फॉर्मपासून सुरू होत नाही. कागद जमवायला सहा ते आठ महिने धरा. त्यातले दोन लग्नाच्या गडबडीत जाणारच.

१. जोडीदाराला तिथे काय करता येईल, ते आधी बघा

कोर्स निवडला, फी भरली आणि मग बायकोला किंवा नवऱ्याला नेताच येत नाही असं कळलं, ही चूक सगळ्यात महागात पडते. नियम सारखे बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाचा सल्ला आज कामाचा असेलच असं नाही. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. ढोबळ चित्र असं:

ब्रिटन: १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या, शिकवणीच्या मास्टर्ससाठी जोडीदाराला नेता येत नाही. पीएचडी, संशोधनावर आधारित पदव्युत्तर कोर्स किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच नेता येतं. मास्टर्स झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर बोलावू, हेही जमत नाही. त्या व्हिसावर नवा जोडीदार जोडता येत नाही.

कॅनडा: २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुलं वर्क परमिट हवं असेल तर कोर्स किमान १६ महिन्यांची मास्टर्स, डॉक्टरेट किंवा ठरावीक व्यावसायिक पदवी असावी लागते. कॉलेजच्या डिप्लोम्यावर 'दोघंही कमवू' असं कोणी सांगत असेल, तर तो जुनं सांगतो आहे.

अमेरिका: एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ मिळतो. त्यावर नोकरी नाही आणि पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही नाही. शिकलेल्या माणसाने दोन वर्षं घरात बसून काढायची, हे दोघांनी आधीच समोरासमोर बोलून घ्या. एल-१ वाल्याच्या, म्हणजे कंपनीने बदली करून नेलेल्या माणसाच्या, जोडीदाराला काम करता येतं. एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला साधारणपणे ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत आय-१४०, म्हणजे कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाल्यावरच कामाचा परवाना मागता येतो.

ऑस्ट्रेलिया: जोडीदाराला पंधरवड्यात ४८ तास काम करता येतं. मुख्य अर्जदार मास्टर्स किंवा पीएचडी करत असेल तर कोर्स सुरू झाल्यावर तासांची मर्यादा राहत नाही.

जर्मनी: जोडीदाराला काम करता येतं, पण साधारणपणे जर्मन भाषेची ए-वन परीक्षा आधी पास करावी लागते. ब्लू कार्डधारकाच्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या, जोडीदाराला ही अट नाही. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षेच्या जागा लवकर भरतात.

दुबई-अबुधाबी: नोकरी करणाऱ्याने जोडीदाराला बोलवायचं तर पगार किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, अशी अट आहे.

२. नावांची झडती घ्या

एक संध्याकाळ काढा. दोघांचे आधार, पॅन, पासपोर्ट, शाळा सोडल्याचे दाखले, दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि पदव्या जमिनीवर पसरा. प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव वहीत एकाखाली एक लिहून काढा.

बडोद्यातल्या मराठी घरांत इथे हमखास तीन गोची सापडतात. पहिली, क्रमाची. गुजरातच्या शाळांच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. ते नीट भरलेलं असेल तर क्रम उलटा असल्याने बिघडत नाही. पण काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच ओळीत असतं. अमेरिकेच्या व्हिसावर मग ती अख्खी ओळ आडनाव होते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) ही अक्षरं येतात. नंतर बँक, लायसन्स, पगार, सगळीकडे तुम्ही एफएनयू. अशा पासपोर्टची दुरुस्ती इथूनच करून निघा.

दुसरी गोची शेपटीची. आजोबांच्या काळापासून चालत आलेला 'राव' एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि तिसऱ्यावर कारकुनाने आपल्या सवयीने 'भाई' लावलेला असतो. दिनकर, दिनकरराव आणि दिनकरभाई हे तीन गृहस्थ नसून तुमचे एकच वडील आहेत, हे दूतावासातल्या माणसाला कळायचं कारण नाही. बायकांच्या नावामागचं 'बेन' आणि 'बाई' यांचंही तेच. वडिलांच्या नावातला एवढाच फरक असेल तर नोटरीसमोर केलेलं 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र, म्हणजे इथल्या भाषेत सोगंदनामुं, बहुतेक ठिकाणी चालतं. स्वतःच्या नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, मूळ कागद दुरुस्त करा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी पासपोर्टवर काय राहणार ते पक्कं करा आणि मगच आधारला हात लावा.

तिसरी गोची स्पेलिंगची. गुजराती उच्चारावरून इंग्रजीत लिहिलेलं आडनाव आणि मराठी उच्चारावरून लिहिलेलं आडनाव यात एखादं अक्षर कमीजास्त असतंच. ज्या स्पेलिंगने पासपोर्ट आहे तेच खरं माना आणि बाकीचे कागद त्याच्यामागे न्या.

३. लग्नाची नोंद

गुजरातमध्ये २००६ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे लग्न जिथे लागलं त्या हद्दीच्या निबंधकाकडे ३० दिवसांत नोंद करायची असते. उशीर झाला तरी नोंद होते, फक्त जादा फी आणि जादा खेपा. मुलगी पुण्याची आणि लग्न पुण्यात लागलं, तर नोंद तिकडेच. रिसेप्शन अलकापुरीत झालं म्हणून बडोद्याचा दाखला मिळत नाही.

साधारण लागणारे कागद: दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो, लग्नविधीचा एक फोटो, लग्नपत्रिका, साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही व तपशील. भटजी बाहेरगावचे असतील तर फॉर्म आधीच आणून ठेवा आणि मंगलाष्टकं झाल्यावर, दक्षिणा देतानाच सही घ्या. मागाहून भटजी शोधायचे म्हणजे पुढचा मुहूर्त शोधण्याइतकंच काम.

आता सापळे.

पत्रिकेत घरचं नाव छापू नका. घरी 'पिंकी' म्हणत असतील तर ते केळवणापुरतं ठेवा. पत्रिका हा पुरावा आहे, तिच्यावर पासपोर्टवरचं नाव हवं.

नवरीचं नाव बदलण्याची पद्धत असेल तर ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव तांदळातच राहू द्या. दाखल्यावर मुलीचं लग्नाआधीचं, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं आलं पाहिजे. सासूबाईंना वाईट वाटेल, पण त्यांना हेही सांगा की कौतुकाचं हे नाव दाखल्यावर गेलं तर त्यांच्या सुनेची पदवी कायद्याने दुसऱ्याच मुलीची दिसू लागते.

लग्नाची एकच तारीख ठेवा. घाई म्हणून मार्चमध्ये विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलं, त्याला ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, आणि डिसेंबरात थाटात लग्न लावलं, तर कायद्याने लग्न मार्चमध्येच झालं. सगळ्या फॉर्मवर मार्चची तारीख लिहा आणि डिसेंबरच्या फोटोंचा खुलासा पत्रात दोन ओळींत करा. न झालेल्या विधीची खोटी तारीख टाकून आधीच दाखला काढून देणारे लोक प्रत्येक शहरात असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खरे फोटो नंतरचे निघतात आणि अर्ज खोटेपणाच्या शिक्क्यासह परत येतो. तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात विचारला जातो.

दाखला हातात पडला की खिडकी सोडण्याआधी प्रत्येक अक्षर वाचा. दाखला फक्त गुजरातीत असेल तर इंग्रजी किंवा द्विभाषिक प्रत मिळते का ते तिथेच विचारा. दोन-तीन प्रमाणित प्रती लगेच घ्या.

४. पासपोर्ट बदलायचा की नाही

घरातले आणि एजंट दोघंही सांगतील की लग्न झालं, आता पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लावून घ्या. तसा कायदा नाही. आडनाव बदलणं बंधनकारक नाही, आणि बहुतेक देशांना नातं दाखवायला लग्नाचा दाखला पुरतो. आमचं मत स्पष्ट आहे: अर्ज मधोमध असताना नाव बदलू नका. पासपोर्ट नवा झाला की नंबर नवा होतो, आणि आयईएल्टीएसच्या निकालपत्रावर, प्रवेशपत्रावर, अमेरिकन विद्यापीठाच्या आय-२० फॉर्मवर जुना नंबर राहतो. निस्तरता येतं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र लिहून.

नाव किंवा आडनाव बदलायचंच असेल तर कुठलाही अर्ज भरण्याआधी बदला. आधी पासपोर्ट, मग पॅन, आधार, बँक, याच क्रमाने. पदव्यांवर जुनंच नाव राहणार. त्या दोन नावांमधला पूल म्हणजे तोच लग्नाचा दाखला.

पासपोर्ट पुन्हा काढायला ३६ पानी पुस्तकाची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी त्यावर २,००० रुपये. जोडीदाराचं नाव घालण्यासाठी लग्नाचा दाखला चालतो. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यात आहे, पण फाइल अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते. सासरचा पत्ता घालायचा आणि त्या पत्त्याचा एकही कागद नाही, अशी अडचण बहुतेक नव्या सुनांना येते. जोडीदाराच्या पासपोर्टवर तुमचं नाव पती किंवा पत्नी म्हणून असेल आणि पत्ता तोच असेल, तर त्याची प्रत पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. म्हणजे आधी एकाने नाव घालून घ्यायचं, मग दुसऱ्याने अर्ज करायचा. पोलीस पडताळणीच्या काळात घरात कोणीतरी असू द्या. दोघंही माथेरानला आणि घराला कुलूप, असं झालं की महिना वाया जातो.

आखातात जाणाऱ्यांनी पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा नाही ना ते बघावं. दहावी पास असल्याचा पुरावा दिला की तो निघतो.

५. पदव्या आणि ट्रान्सक्रिप्ट

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा, दोघांचेही काढा, जाणारा विद्यार्थी एकच असला तरी. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या गुणांत जोडीदाराच्या शिक्षणाचे आणि भाषेचे वेगळे गुण मिळतात. जोडीदाराला तिथे नोकरी शोधायची तर ट्रान्सक्रिप्ट लागणारच, आणि परदेशातून युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर दुसऱ्याला उभं करणं जिवावर येतं. सयाजीराव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सर्व सेमिस्टरच्या मार्कशीटच्या प्रती, आधीच नीट स्कॅन करून, सोबत न्याव्यात. एकही एटीकेटीची मार्कशीट गाळू नका. पदवीदान झालं नसेल तर प्रोव्हिजनल घ्या. बंद, शिक्का मारलेल्या पाकिटांत किमान चार संच मागा आणि पाकीट कुतूहलाने फोडू नका. फोडलेलं पाकीट रद्द धरतात. इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं पत्र त्याच फेरीत घ्या.

६. अपोस्टिल की अटेस्टेशन

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. तिथे अटेस्टेशन लागतं, म्हणजे राज्य, परराष्ट्र मंत्रालय, त्यांचा दूतावास आणि शेवटी तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. जर्मनी करारात असूनही भारताचं अपोस्टिल मानत नाही. तिथल्यासाठी अपोस्टिलवर पैसे घालवण्याआधी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाची यादी वाचा. गुजरात त्याच दूतावासाच्या हद्दीत येतं.

मंत्रालयाच्या शिक्क्याआधी राज्याची मोहोर लागते, ती गांधीनगरहून. पदवी आणि लग्नाचा दाखला वेगवेगळ्या खात्यांकडे जातात, म्हणून दोन्हींना सारखाच वेळ लागेल असं समजू नका. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे. एजंट जे हजारो मागतो ते धावपळीचे, शिक्क्याचे नव्हे. पैसे द्यायला हरकत नाही, पण कशाचे देतो ते माहीत असू द्या. अपोस्टिलचा कागद मूळ प्रतीच्या मागे चिकटवतात, म्हणून दाखला लॅमिनेट केलेला नको. पुष्कळ घरांत प्रेमापोटी नेमका तोच लॅमिनेट केलेला असतो.

गुजराती कागदांच्या इंग्रजी भाषांतरावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'भाषांतर अचूक आहे' असं विधान हवं. नोटरीचा नुसता गोल शिक्का म्हणजे भाषांतराची खात्री नव्हे.

७. पैसा

बहुतेक देशांना रकमेइतकाच तिचा मुक्काम महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि त्या मुदतीचा शेवट अर्जाच्या ३१ दिवसांच्या आत हवा. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. जोडीदाराची रक्कम वेगळी मोजतात, हे विसरल्यामुळे बरेच अर्ज पडतात.

नव्या जोडप्यांची खास अडचण म्हणजे आहेर. लग्नानंतरच्या आठवड्यात पाकिटांतली रोकड एकदम खात्यात भरली की व्हिसा अधिकाऱ्याला ती उसनी आणलेली रक्कम वाटते. लग्नात मिळालेल्या भेटींवर नवरा-नवरीला आयकर लागत नाही, पण पुरावा लागतो. आहेराची वही जपून ठेवा, मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन मागा, आणि आई-वडिलांनी दिलेल्या पैशासाठी भेटपत्र व त्यांचं खातेपत्रक जोडा.

बाहेर पाठवण्याची मर्यादा एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. १० लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला स्वतंत्र आहे. कापलेला टीसीएस ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या नावावर दिसतो, म्हणून रिटर्नही त्यानेच भरायचं.

जाताना परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंत आणि भारतीय रुपये २५,००० पर्यंत नेता येतात. बाकीचं कार्डावर.

८. अर्ज भरताना

दोघांचे फॉर्म एकाच बैठकीत, एकाच टेबलावर भरा. पत्ता, लग्नाची तारीख, सासू-सासऱ्यांची नावं, मागचे व्हिसा नकार, सगळं जुळलं पाहिजे. नात्याचा पुरावा म्हणून १५ ते २० फोटो पुरतात: साखरपुडा, हळद, अंतरपाट, सप्तपदी, दोन्हीकडच्या आई-वडिलांसोबत एक, लग्नानंतरच्या सणावारांचे दोन-तीन. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. पाचशे फोटोंचा अल्बम कोणी उघडत नाही. संयुक्त खातं, विम्यातलं वारस म्हणून नाव, एकत्र प्रवासाची तिकिटं हे जोडा, पण सगळं एकाच आठवड्यात काढलेलं असेल तर ते उघड दिसतं.

सगळ्यात मोठा सापळा असा. एकाने आधी अविवाहित म्हणून अर्ज केला आणि निकाल यायच्या आत लग्न झालं, तर ते लगेच कळवायला हवं. कॅनडात कायम वास्तव्य घेताना जोडीदाराचं नाव लपवलं किंवा राहून गेलं, तर नंतर त्याच जोडीदाराला कुटुंब म्हणून बोलावण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसातही, जोडीदार मागाहून येणार असला तरी त्याचं नाव पहिल्याच अर्जात लिहावं लागतं.

बोटांच्या ठशांसाठी अहमदाबादची किंवा मुंबईची खेप धरा. नव्या नवरीच्या मेंदीचा रंग गडद असेल तर ठसे नीट उमटत नाहीत, म्हणून लग्नानंतर निदान दोन-तीन आठवड्यांनंतरची वेळ घ्या. ब्रिटनसाठी क्षयाची तपासणी लागते आणि तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. त्यात छातीचा एक्स-रे असतो. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. थुंकीची तपासणी करता येते, पण तिच्या निकालाला आठ आठवडे लागू शकतात.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेमार्फतच, ५०० रुपये. फार आधी काढू नका, त्याची मुदत संपते.

९. निघण्याआधी

अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करावं लागतं. बँकेत फॉर्म विचारून ठेवा. पीपीएफ उघडायचं असेल तर आत्ताच, अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही. जुनं मुदतीपर्यंत चालतं. वडिलांच्या नावे मर्यादित कामांचं मुखत्यारपत्र इथेच करा. ओटीपी येणारा भारतीय नंबर बंद पडू देऊ नका, परदेशात बसून बँकेचा नंबर बदलणं फार छळतं. दातांची कामं इथेच उरका, चष्म्याचा एक जादा जोड घ्या.

दागिने: मंगळसूत्र आणि रोजचं अंगावर, बाकी लॉकरमध्ये. जास्त न्यायचंच असेल तर मूल्यांकन आणि फोटो घेऊन विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत आणताना तेच दागिने इथलेच आहेत हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो. त्यासाठी चेक-इनच्या आधी तास-दीड तास जादा ठेवा.

१०. बॅगा

मूळ कागद हातातल्या बॅगेत, पण दोघांच्या बॅगांत कसेही वाटून नव्हे. ज्याचा त्याचा संच त्याच्याकडे, आणि लग्नाच्या दाखल्याची एकेक प्रमाणित प्रत दोघांकडे. इमिग्रेशनला दोघांना वेगळ्या रांगेत पाठवतात तेव्हा याचा अर्थ कळतो.

कुकर चेक-इनच्या बॅगेत, शिट्टी आणि रिंग त्याच्याच आत. जादा रिंगा दोन. लोणचं नेऊ नका असं सांगून कोणी ऐकत नाही, तेव्हा निदान तेल निथळून, दुहेरी पिशवीत. लीलो चिवडा आणि भाकरवडी दुकानाच्या बंद पाकिटात न्या, घरच्या डब्यात ओतून नको. ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

आणि दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी: खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते. पुडीत नसली तरी अनारशांवर असते, आणि काही घरांत गोड्या मसाल्यातही घालतात. आईला मसाला कुटायच्या आधीच सांगा.